दुसरा हात

इतवारीत, बुरडेंच्या दुकानात
स्प्रेचे डबे रांगेनं उभे,
डोक्यावर आपापल्या रंगाची टोपी घालून.
टोपीचा रंग आणि आतला रंग
कधीच नीट जुळत नाही,
हे बुरडेही मान्य करतात.

"कायले मारायचा?"
कम्प्युटरच्या कॅबिनेटला.
"भायेरून?"
आतून.
ते चष्मा कपाळावर चढवतात.
"आतून कोन पाह्यते, मॅडम?"

खरंच, कोण पाहतं.
दोन स्क्रू, एक झाकणाचा पत्रा,
आणि मी, वर्षातून दोनदा,
ब्रश घेऊन, धूळ काढायला.

ते नारंगी पुढे सरकवतात. "आपल्या गावाचा कलर."
मी हसते.
संत्र्याचं सालसुद्धा बाहेरून नारंगी असतं,
आतून पांढरंच.

पांढरा मात्र नको, मे महिन्याची धूळ
त्याला आठ दिवसांत मळकट करील.
चंदेरी तर पत्रा आहेच.
निळा आमच्या इंदोऱ्यातल्या दारावर आहे,
खिडकीच्या गजांवर आहे,
भावाच्या लग्नातल्या मांडवावर होता.
तो चारचौघांत मिरवायचा रंग,
त्याला बंद डब्यात कोंडणं मला जमणार नाही.
चकचकीत काळ्यात प्रत्येक वायर
दोनदा दिसते,
आणि माझ्याकडे वायरींचा आधीच गुंता आहे.

"मग हा घ्या, मॅट ब्लॅक. पन बहुत उदास दिसते, बाप्पा."

हिंगण्याच्या शेडमध्ये
बाबा कूलरच्या टाक्या रंगवायचे.
बाहेरचा रंग सेठ निवडायचा,
हिरवा, घिवा, कधी गुलाबीसुद्धा.
आतून डांबर.
सेठनं एकच हात सांगितलेला,
बाबा दोन मारायचे.
एका दिवाळीला हिशेब निघाला,
जास्तीच्या डांबराचे साडेतीनशे
पगारातून वजा.
आई रॉकेलच्या बोळ्यानं त्यांची नखं पुसत
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "कोन पाह्यते हो आतून?"
बाबा म्हणाले, "पानी."

मी काळा घेतला. बाबांमुळे नाही,
असं मी बुरडेंना सांगितलं,
त्यांनी विचारलं नसताना.

डब्यात एक गोटी असते.
स्कूटीच्या डिकीत
गोळीबार चौकापासून घरापर्यंत
प्रत्येक गतिरोधकावर ती वाजली.
तिलाही कोणी कधी पाहिलेलं नाही.

पहिला प्रयत्न भर दुपारी, गच्चीवर.
सेहेचाळीस डिग्री.
रंग पत्र्यापर्यंत पोहोचण्याआधीच हवेत वाळला,
आणि भुकटी होऊन बसला.
हात फिरवला तर मांजराच्या जिभेसारखं खरखरीत.
संध्याकाळ सगळी पॉलिश पेपरनं घासण्यात गेली,
नाकात काळं, तोंडात काळं,
शेजारच्या उंदीरवाडेकाकू म्हणाल्या,
"कम्प्युटर बनवून रायली का कोळसा इकून रायली?"

आज पहाटे पाच.
हवेत थोडी दया आहे.
बोर्ड जिथे टेकतो
त्या नऊ जागांवर मी टेप लावली आहे,
टिकलीएवढे गोल कापून.
तिथे पत्रा उघडाच लागतो,
धातूला धातू भिडावा लागतो,
नाहीतर अर्थिंग मिळत नाही.
एवढ्या नऊ टिकल्या सोडून
बाकी सगळं झाकायचं.

वीतभर अंतर. हात थांबवायचा नाही.
डावीकडून उजवीकडे, कडेच्या बाहेर जाऊन परत.
ओला असताना काळा
क्षणभर आभाळ दाखवतो,
मग मिटतो.

जिन्यात चपला वाजतात.
बाबा वर येतात, एका डोळ्याला ऑपरेशनची पट्टी,
हातात कूलरमध्ये पाणी भरायचा पाइप.
कॅबिनेटजवळ उकिडवे बसतात.
चांगला डोळा आत घालून
कोपरे बघतात, खालची वळलेली कड बघतात,
जिथे मी घाई केली नेमकं तिथेच थांबतात.

हे काय आहे, ते विचारत नाहीत.
हाच रंग का, ते विचारत नाहीत.

"दुसरा हात कवा?"

वाळू द्या आधी, मी म्हणते,
आणि डबा हलवत राहते.